रीफ टँक (घरातली खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी टाकी १५० लिटरची आहे. दिवाळीनंतर मुंबईहून आणलेली झोअँथिडची (झोआ, म्हणजे फुलांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) एक वसाहत दहा दिवस झाले उघडतच नाही. शेजारच्या दोन मात्र छान फुललेल्या असतात. क्षारता ८.५ डीकेएच, नायट्रेट १०, घनता १.०२५. लाइट कमी करून पाहा, असं दुकानदार म्हणतो. करू का? (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : लाइटला हात लावू नका. तुमचे आकडे चांगले आहेत, आणि पाणी किंवा प्रकाश बिघडला असता तर शेजारच्या दोघीही मिटल्या असत्या. एकच वसाहत रुसून बसते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यावर कुणीतरी जेवत असतं.

ते रात्री शोधा. लाइट बंद झाल्यावर दोन तास थांबा आणि टॉर्चवर लाल कागद लावून पाहा. उत्तरायणातला पतंगाचा उरलेला कागद चालतो. लाल उजेडात हे प्राणी लगेच पळत नाहीत.

पहिला संशय न्यूडिब्रँकवर, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीवर. लांबी ३ मिलिमीटरपासून फार तर सेंटिमीटरभर. पाठीवर झुपकेदार बोटं असतात आणि ती हुबेहूब झोआच्या कडेच्या झालरीसारखी दिसतात. शिवाय ज्या रंगाचा झोआ खाते तो रंग तिच्या अंगात उतरतो, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. अशा वेळी अंडी शोधणं सोपं. पॉलिपच्या (वसाहतीतल्या एकेका फुलाच्या) देठाशी किंवा प्लगच्या (वसाहत चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या) खालच्या बाजूला पांढरट, पारदर्शक, जिलेबीच्या वेढ्यासारखी छोटी चकती दिसली की निदान झालं.

दुसरा संशय सनडायल गोगलगायीवर. तिचा शंख चपटा, चाकासारखा, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे पट्टे. ही धोका वाटला की शंखाचं दार घट्ट लावून घेते, म्हणून डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, मरत नाही. चिमट्याने उचलून काढायची, आणि एक सापडली तर प्लग उलटा करून दुसरीही शोधायची.

न्यूडिब्रँक निघाली तर उपाय असा. आधी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हे शोभेला सांगत नाही. झोआ आणि त्यांच्या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. खरवडताना उडालेला एक थेंब डोळ्यात गेला किंवा हाताला चीर असली तर दवाखाना गाठावा लागतो. याच कारणाने झोआ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून ते विष अख्ख्या घराला भोवतं.

एक किलो श्रीखंडाचे तीन पांढरे डबे धुऊन घ्या, साबणाचा अंशही नको. प्रत्येकात टाकीचं अर्धा लिटर पाणी घ्या. पहिल्या डब्यात ५ टक्के लुगॉल आयोडीनचे ५ थेंब टाका, म्हणजे लिटरला १०. पाणी कोऱ्या चहापेक्षा फिकं दिसलं पाहिजे. वसाहत त्यात १० मिनिटं ठेवा आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने तेच पाणी ओढून पॉलिपांच्या मधल्या फटींत जोरात मारत राहा. पांढऱ्या तळाशी तपकिरी, हिरवे ठिपके वळवळताना दिसतील. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात विसळा. डब्यांतलं पाणी मोरीत टाका, टाकीत परत नाही.

इथवर बहुतेक जण करतात आणि महिन्याने पुन्हा पत्र लिहितात. कारण डिपने अंडी मरत नाहीत. अंड्याभोवतीच्या चिकट आवरणातून औषध आत जात नाही. म्हणून डिपनंतर लगेच मऊ टूथब्रशने देठांच्या बुडाशी घासा, आणि जमेल तर वसाहत जुन्या प्लगवरून पात्याने सोडवून नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने लावा. जुना प्लग फेकून द्या, कारण अर्धी अंडी त्याच्याच पोटाखाली असतात. तरी नजरेतून सुटलेली अंडी साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत फुटतात. फुटलेलं पिल्लू मोठं होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी पुढचा डिप झाला पाहिजे. दर पाच दिवसांनी एक असे पाच डिप द्या. चौथ्या वेळी डब्यात काही पडलं नाही तरी पाचवा टाळू नका. कुठलं औषध वापरलं यापेक्षा या तारखा पाळल्या का, यावर सगळं अवलंबून आहे.

डिप तिन्ही वसाहतींना द्यायचा, फुललेल्या दोघींनाही. मधल्या काळात सगळे झोआ वेगळ्या २० लिटरच्या टबात ठेवा. त्यात स्पंज फिल्टर, साधा लाइट आणि हीटर पुरे. हीटर मात्र हवाच. डिसेंबरात बडोद्यात रात्री एवढंसं पाणी भरभर गार होतं, आणि पाणी जितकं गार तितकी अंडी उशिरा फुटतात, म्हणजे आपलं वेळापत्रक चुकतं. २५ ते २६ अंशांवर ठेवा. इकडे मुख्य टाकीत मागे राहिलेल्या गोगलगायींना झोआशिवाय दुसरं खाणं नसल्याने त्या उपाशी मरतात. सिक्स-लाइन रॅस मासा सोडा, असा सल्ला मिळेल. तो काही पिल्लं टिपतो, पण अंड्यांना तोंड लावेल याची खात्री नाही. वर १५० लिटरच्या टाकीत नंतर येणाऱ्या माशांना तो छळतो.

प्रश्न : दगडावर पारदर्शक तपकिरी फुलं उगवली. सुंदर वाटली म्हणून ठेवली. आता ती मश्रूम प्रवाळाला डंख मारतात. टाचणीने उपटली तर एकाची सहा झाली. (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : ही ऐप्टेशिया, एक उपद्रवी समुद्रफूल (ॲनिमोन). देठ लांब, शेंड्या बारीक आणि टोकदार, सावली पडताच क्षणात बिळात. (शेंड्या आखूड आणि टोकाला फुगीर असतील तर ती माजानो, तिचीच एक भावंड. उपाय तोच.) तळव्याचा कणभर तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवी उगवते. टाचणीने तुम्ही तिची कलमं केलीत.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुना, हा सर्वांत स्वस्त उपाय. पण पानाच्या टपरीवरचा नको, त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. रसायनांच्या दुकानातली शुद्ध भुकटी घ्या. एक चमचा भुकटीत आरओचं पाणी थेंबथेंब घालून टूथपेस्टसारखा लगदा करा आणि बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा. सगळे पंप बंद. सिरिंज हळूच जवळ न्या, ऐप्टेशियाला स्पर्श होऊ देऊ नका. मावा खायला दिल्यासारखा लगदा तिच्या तोंडाच्या चकतीवर ठेवा. ती तो आत घेऊन मिटते आणि आतून भाजते. बिळाचं तोंडही लगद्याने बुजवा. २० मिनिटांनी उरलेला चुना नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू करा. तो उडून शेजारच्या प्रवाळावर बसला तर तिथलं मांस जळतं.

एका बैठकीत आठ-दहाच मारा. चुन्याने पीएच चढतो. ८.५ च्या वर गेला तर त्या दिवशी थांबा. चार दिवसांनी तिथेच पुन्हा पाहा, एक-दोन डोकं वर काढतातच.

पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते, पण दुकानात त्याच नावाने कॅमल कोळंबी गळ्यात मारतात आणि ती झोआच खाते. पेपरमिंटच्या अर्धपारदर्शक अंगावर लाल उभ्या रेषा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड, आणि लालावर ठळक पांढऱ्या रेघा. बर्गिया गोगलगाय मिळाली तर उत्तमच. ती ऐप्टेशियाशिवाय काहीही खात नाही, त्यामुळे ऐप्टेशिया संपली की ती मरते. आणि माशांना खाणं कमी घाला. उरलेला प्रत्येक दाणा या फुलांच्या पोटात जातो.

प्रश्न : जामनगरला जाणं होतं. पिरोटन बेटाच्या किनाऱ्यावरून जिवंत दगड आणला तर कीड येईल का? (रावपुरा, बडोदे)

उत्तर : किडीच्या आधी वनखातं येईल. कच्छच्या आखातातला तो भाग १९८० पासून सागरी अभयारण्य आणि १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा. या सदरात आम्ही अ‍ॅक्रोपोरा, मोंटिपोरा या दगडी प्रवाळांच्या किडींवर लिहीत नाही त्याचंही कारण हेच. टाकीला सिरॅमिकचा कोरडा दगड वापरा, त्याच्यासोबत ऐप्टेशियाही येत नाही.

प्रश्न : मश्रूमवर गंजाच्या रंगाचे चपटे किडे, शेपटीला तीन टोकं. औषधाची बाटली आणली आहे. (मांजलपूर, बडोदे. टाकी १५० लिटर.)

उत्तर : लाल फ्लॅटवर्म. ते प्रवाळ खात नाहीत, अंगावर चादरीसारखे पसरून उजेड अडवतात. बाटली आज उघडू नका. हे किडे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. शेकडो एकदम मेले तर औषधाने नव्हे, त्या विषाने मासे जातात. आधी दोन आठवडे, एक दिवसाआड, हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन त्यांना ओढून काढा. नळीचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडलं की पाणी टाकीत परत घेता येतं. हाताला मोजकेच किडे लागायला लागले की औषध, लेबलवरच्या मात्रेत. त्याआधी ३८ लिटर खारं पाणी, म्हणजे सुमारे १.४ किलो मीठ घालून, आदल्या दिवशी कालवून तयार ठेवा. नवा कार्बनही (पाणी शुद्ध करणारा कोळसा) हाताशी असू द्या, पण औषध चालू असताना तो टाकीत नको, औषधच शोषून घेईल. लेबलवरची वेळ संपली, किंवा मासे धापा टाकू लागले, की लगेच कार्बन घालून ते पाणी बदला.

प्रश्न : मेलेल्या मश्रूमवर केसाळ अळी सापडली. मारू का? (वाघोडिया रोड, बडोदे)

उत्तर : नको. ती ब्रिसलवर्म, मेलेलं खाऊन टाकी साफ ठेवणारी. मश्रूम आधी मेला, ही नंतर आली. उघड्या हाताने मात्र उचलू नका. केस बोटात घुसलेच तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून उलट ओढा आणि मग व्हिनेगर लावा.