पथ्य एकाचं, भीती दुसऱ्याची

घरातल्या कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला की काही महिन्यांनी त्या घरातलं दुसरंच माणूस माझ्याकडे समुपदेशनासाठी येतं. तक्रार ठरलेली. ‘डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलंय, आहाराचा कागद फ्रिजवर लावलाय, तरी पथ्य पाळलं जात नाही. आता तुम्हीच समजवा.’ समजावणं हे माझं काम नाही, हे मला तिथल्या तिथे सांगावं लागतं. मीठ वाईट, तळलेलं वाईट, हे अशा घरांत सगळ्यांना पाठ असतं.

अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाईंचं वय ५४. अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, त्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाईंचं पातेलं वेगळं, त्यात जवळपास मीठच नाही. स्वतःसाठी आणि मुलीसाठी नेहमीचा स्वयंपाक, कारण ‘पोरीला कशाला शिक्षा?’ मग एक दिवस कपाटात टॉवेलांच्या घडीमागे त्यांना खाऱ्या वेफर्सची रिकामी पिशवी सापडली, नीट चार घड्या घालून ठेवलेली.

‘मी हिच्यासाठी एवढं करतोय आणि ही चोरून खाते,’ ते म्हणाले. बाई गप्प.

पुढे मी फक्त बाईंशी बोलले.

‘वेफर्स फार आवडतात का?’

‘नाही हो. पण ते खाताना माझ्याकडे कुणी बघत नसतं.’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘माझं पातेलं वेगळं चढलं की मी परत पेशंट होते. ऑफिसात माणसं माझा सल्ला घ्यायला येतात आणि घरी मला विचारतात, दुपारी काय खाल्लंस, खरं सांग.’

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबरच्या कामाबद्दल जे लिहिलं, त्यावर माझी सगळी भिस्त आहे. बदलाबद्दल माणूस आधीच द्विधा मनःस्थितीत असतो. आपण एका बाजूने रेटलं की तो दुसऱ्या बाजूची वकिली करायला लागतो. म्हणून बदलायचं कशासाठी, हे त्याच्याच तोंडून यायला हवं. पथ्याच्या बाबतीत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पेशंटपेक्षा रेटणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष आधी जातं. हे गृहस्थ इतक्या जोराने का रेटत होते?

पुढच्या भेटीत दोघं समोर असताना मी आहाराचा विषयच काढला नाही. त्यांना विचारलं, ‘त्या रात्री काय झालं होतं?’

ते आधी तारीख, वेळ, हॉस्पिटल असं सांगत राहिले. मग आवाज उतरला. ‘ही म्हणाली, जबडा दुखतोय, मळमळतंय, दम लागतोय. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी असेल. गोळी दिली आणि झोप म्हटलं. पहाटेपर्यंत घालवली मी वेळ.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी घाईने धीर द्यायचा मोह आवरणं हे मी वर्षानुवर्षं शिकत आले आहे आणि त्या दिवशी त्याचं चीज झालं. कारण बोलल्या त्या बाई. ‘अहो, गोळी मीच मागितली होती तुमच्याकडे. मलाही अ‍ॅसिडिटीच वाटली होती.’

त्यांना हे आठवतच नव्हतं. इतके दिवस सगळा दोष ते एकट्याच्या माथी घेऊन फिरत होते आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता. मोजून टाकलेल्या मिठामागे ती रात्र होती. बायकोने एक वेफर खाल्ला तरी त्यांना वाटायचं, पुन्हा आपलंच लक्ष चुकलं.

(छातीत दुखणं हे बायकांमध्येही नेहमीचं लक्षण आहे. पण जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, धाप, विलक्षण थकवा ही लक्षणं त्यांच्यात जास्त आढळतात आणि ती अंगावर काढली जातात. अशा वेळी वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.)

त्यानंतर पथ्याचं बोलणं सोपं झालं. बाईंनीच अट घातली, ‘पातेलं एकच हवं.’ ते वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच होतं. आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत, वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपलाही धोका वाढलेला असतो. म्हणजे ज्या मुलीला ‘शिक्षा’ नको होती, तिलाही तोच आहार हवा होता आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉलची तपासणीही.

एकच पातेलं करायचं तर मीठ एका दिवसात तोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पाकिटबंद पदार्थांतलं मीठही आलं. ते हळूहळू कमी केलं तर जीभ काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत जुळवून घेते. लिंबू, लसूण, मसाले यांनी उणीव भरून निघते. तेल किती यापेक्षा स्निग्ध पदार्थ कोणते, हे आधी पाहा. लोणी, चरबीयुक्त मांस, वनस्पती तूप यांच्या जागी द्रवरूप वनस्पती तेलं, मीठ न लावलेला सुकामेवा, डाळी-कडधान्यं आणा. फळं-भाज्या दिवसाला किमान ४०० ग्रॅम, आणि रसापेक्षा अख्खं फळ बरं. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. आणि आहार सुधारला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे मी प्रत्येकाला बजावते, कारण बरं वाटायला लागल्यावर पहिली कात्री तिथेच लागते.

नवऱ्याला मी एकच काम दिलं. ‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न बंद. भीती वाटली तर सरळ म्हणायचं, ‘मला भीती वाटतेय.’ सुरुवातीला जड गेलं. वाक्य तोंडाशी यायचं आणि ‘मीठ घातलं नाहीस ना?’ असं बाहेर पडायचं, हे बाईंनीच हसत सांगितलं. पण जमलं. वेफर्सही पूर्ण बंद झाले नाहीत. कधीतरी एखादं छोटं पाकीट आणायचं आणि तिघांनी मिळून खायचं, असं बाईंनी ठरवलं. कपाटात लपवायची गरज राहिली नाही. मुलीने तपासणी करून घेतली आणि तिचा रक्तदाब थोडा वर निघाला. आता एकाच पातेल्यात कमी मीठ घालायला त्या घरात कुणाची हरकत नाही.