कोर्स चालू आहे, डॉक्टरांना काय सांगू?

प्रश्न : शरीर कमावण्यासाठी दहा आठवडे टेस्टोचं (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन आणि डायनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतोय. उजव्या स्तनाग्रामागे सुपारीएवढी गाठ आलीय, शर्ट घासला तरी दुखतं. रक्ततपासणीत एसजीपीटीही (लिव्हरचा आकडा) वाढलंय. ट्रेनर म्हणतात, गायनोची (पुरुषाची स्तनग्रंथी वाढण्यावरची) गोळी आणि लिव्हरचं सिरप घे, पण कोर्स मोडू नको. (वाचक, वय 26, तासगाव)

उत्तर : कोर्स मोडा. गोळ्या आजच थांबवा, पुढचं इंजेक्शनही घेऊ नका. दम्याला वगैरे दिलेलं स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही, तो नियम या औषधांना लागू नाही. मात्र थांबवल्यावर काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं, मन उदास होतं. घरात एकाला तरी आधीच सांगून ठेवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लगेच फोन करा.

आता गाठ. उताणे झोपा आणि अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणा. बोंडाच्या बरोबर मागे रबरी चकती लागली, तर ती चरबी नव्हे, ग्रंथी आहे. जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, त्यावर ती वाढते. नवी, दुखरी गाठ औषधाने बसू शकते. वर्ष उलटलं की ती निबर होते, मग ऑपरेशनच. ती गोळी मात्र ट्रेनरच्या हातून नको, कारण तिने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि टेस्टोने तुमचं रक्त आधीच दाट झालेलं असू शकतं. गाठ दगडासारखी कडक असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल, तर दोन दिवसही थांबू नका.

एसजीपीटी स्नायूंतूनही वाढतं. पायांचा जोरदार व्यायाम केल्यावर कित्येक दिवस ते चढलेलं राहतं. म्हणून सात दिवस व्यायाम बंद ठेवून पुन्हा तपासा आणि सोबत सीपीके (स्नायूंसाठी), जीजीटी (लिव्हरसाठी) व बिलिरुबिन (काविळीसाठी) या तपासण्या करा. जीजीटी स्नायूंमुळे वाढत नाही, ते चढलं तर दुखणं लिव्हरचं समजा. अंगाला खाज, चहासारखी लघवी, पांढुरकी शौच यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही काविळीची लक्षणं आहेत आणि सिरपने ती कावीळ अडत नाही.

सीबीसी या रक्ततपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, पाहा. 54 टक्क्यांच्या वर गेलं, तर रक्त धोकादायक दाट आहे. तपासणीआधी पाणी पोटभर प्या, नाहीतर आकडा उगाच फुगतो. लिपिड प्रोफाइलही करा, या गोळ्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल फार घसरतं. बीपी पाच मिनिटं बसून मोजा. दंड 34 सेंटीमीटरच्या वर असेल तर मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मागून घ्या, लहान कफवर बीपी खोटं जास्त दिसतं.

मिरजेला एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जाताना रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या. लेबलवर असतं तेच आत असेल असं नाही. काय, किती आणि कधीपासून घेतलं, ते सगळं सांगा. लपवलंत, तर महिनाभर चुकीच्या आजाराच्या तपासण्या होत राहतील.

प्रश्न : लग्न ठरलंय. स्टेरॉइडच्या कोर्सनंतर वृषणं लहान झालीत. मूल होईल ना? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : बहुतेकांचं सुधारतं, पण वेळ लागतो. बाहेरून टेस्टो आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच हे वृषणांना जाणारे हार्मोनचे निरोप थांबवतो आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून थांबवल्यावर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करा. सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच तपासून घ्या. अशक्तपणावर पुन्हा टेस्टो मात्र घेऊ नका, बंद पडलेलं पुन्हा बंद पडेल. होणाऱ्या बायकोला आत्ताच सांगा. मूल उशिरा झालं की दोष तिच्यावर ढकलला जातो.

प्रश्न : धाकटा भाऊ जत्रेच्या कुस्ती मैदानाआधी दम टिकावा म्हणून मेफेंटरमिन टोचून घेतो. ते स्टेरॉइड आहे का? (वाचक, विटा)

उत्तर : नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेलं बीपी वर आणायचं ते औषध आहे. धडधाकट माणसाचं बीपी त्याने भलतंच चढतं, ठोके बिघडतात, थकवा कळेनासा होतो आणि त्याची सवय लागते. एकच बाटली चौघांत फिरत असेल, तर भावाची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी तपासणी करून घ्या. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही झालं, तर 108 ला फोन करा आणि इंजेक्शनचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा.