उत्तर: ऑब्झर्व्हरला कुठलं विमान मिळतं, आणि 'निकाल राखीव' असेल तर आधी काय करायचं

तुझ्या पोस्टमधे 'निकाल राखीव' एवढंच आधी दिसलं, बाकीचं मी नंतर वाचलं. बीई फायनल इयर, नेव्हीच्या एसएसबीत, म्हणजे निवडीच्या मुलाखतीत, एनएओओ म्हणजे ऑब्झर्व्हरसाठी (विमान न उडवता मागे बसून रडार, सेन्सर आणि नेव्हिगेशन सांभाळणारी ऑफिसर) रेकमेंड झालीस, मेडिकलही झालं, आणि आता पोर्टलवर मार्कांच्या जागी 'राखीव' येतंय. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मी शॉर्ट सर्व्हिसमधे, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीत, ऑब्झर्व्हर होते, डॉर्नियर या टेहळणीच्या विमानावर उडले, आता बाहेर आहे. त्यामुळे खालचं सगळं माझ्या अनुभवातलं आणि मतं माझी, नियम बदलत असतात, तुझ्या जॉइनिंग लेटरमधे जे छापलंय तेच खरं धर. एसएसबीवर इथे ढिगाने लिहिलेलं आहे, ते सोडते.

विमानांचं आधी घेते, कारण तिथे तुझा गोंधळ झालाय, ऑब्झर्व्हरला फायटरची मागची सीट मिळते असं तू धरून चाललीस. तू जे व्हिडिओ बघितलेस ते अमेरिकन नेव्हीच्या नेव्हल फ्लाइट ऑफिसरचे आहेत. त्यांचं ट्रेनिंग फ्लोरिडात पेन्साकोलाला सुरू होतं, आधी टी-६ए टेक्सन या छोट्या प्रॉपेलरवाल्या विमानावर, आणि मग फाटा फुटतो. ज्यांना फायटरसारख्या जेटमधे बसायचंय ते टी-४५सी जेटवर जातात, तिथून सुपर हॉर्नेट या फायटरची दोन सीटवाली एफ आवृत्ती किंवा त्याच्यावरूनच केलेलं ग्राउलर. बाकीचे बराचसा भाग सिम्युलेटरवर करून पी-८, ई-२डी हॉकआय किंवा ई-६ अशा जास्त माणसांच्या विमानांकडे जातात. कोणाला काय मिळणार हे त्या वेळी नेव्हीला कुठे माणसं हवीत, तुझा नंबर कितवा आणि तुझी पसंती काय यावर ठरतं, आणि या तिघांत पसंती शेवटी येते. त्यांच्याकडेही 'मला हेच पाहिजे' म्हणून कुणाला मिळत नाही.

आपल्याकडे मात्र फायटरची मागची सीट हा विषयच नाहीये. आपलं फायटर मिग-२९के एकाच सीटचं आहे, त्याचंच दोन सीटवालं केयूबी आहे ते पायलटना तयार करायला. एप्रिल २०२५ मधे ज्या २६ राफेल मरीनचा करार झाला त्यातही २२ एका सीटची आणि ४ दोन सीटची, तीही ट्रेनर. म्हणजे डेकवरून कॅटापल्टने उडणारी मागच्या सीटवरची ऑफिसर हे चित्र डोक्यातून काढून टाक, त्याच्यामागे लागलीस तर जे हातात आहे त्याची किंमत कळणार नाही.

हातात काय आहे ते सांगते. डॉर्नियर २२८, दोन टर्बोप्रॉपचं, किनाऱ्यालगत टेहळणीचं रोजचं काम यावरच चालतं. पी-८आय, समुद्रावर लांब टेहळणी करणारं आणि पाणबुड्या शोधणारं मोठं जेट, आपल्याकडे बारा आहेत, पहिलं २०१३ मधे आलं. एक स्क्वॉड्रन तामिळनाडूत अरक्कोणमला आयएनएस राजाली या नेव्हीच्या हवाई तळावर आणि दुसरी, आयएनएएस ३१६, मार्च २०२२ पासून गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसावर. पाणबुडीमुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा फरक टिपणारा शेपटीचा दांडा आपल्या पी-८आयला आहे, अमेरिकेच्या पी-८एला नाही. हेलिकॉप्टरमधे सी किंग, कामोव्ह-२८, पोटाखाली फिरणारा रडार असलेलं कामोव्ह-३१, आणि आता एमएच-६०आर, त्याची पहिली स्क्वॉड्रन मार्च २०२४ मधे कोचीत सुरू झाली.

माझ्या वेळी मुलींना फक्त किनाऱ्यावरून उडून किनाऱ्यावरच उतरणारी विमानं मिळायची, हेलिकॉप्टर घेऊन जहाजावर राहायची परवानगीच नव्हती. २००९ मधे पहिल्या दोघी ऑब्झर्व्हर झाल्या, आणि जहाजावरच्या हेलिकॉप्टरसाठी पहिल्या दोघी निवडल्या गेल्या सप्टेंबर २०२० मधे. मधली अकरा वर्षं गेली ती क्षमतेअभावी नव्हे. तुझ्यासाठी दार उघडं आहे. चॉइस विचारला आणि पाण्याची भीती नसेल तर हेलिकॉप्टर लिही, असं माझं स्पष्ट मत. पाणबुडी शोधायला समुद्रावर हवेत एका जागी थांबून सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) खाली सोडणं, त्यातून येणारा आवाज समजून घेणं, पुढची जागा ठरवणं, हे काम शिकलीस की दुसरं सगळं सोपं वाटेल. माझ्या पी-८वाल्या मैत्रिणी याला जोरात विरोध करतील आणि त्यांचंही बरोबर असेल, तिथे यंत्रणा जास्त, पल्ला जास्त आणि शिकायलाही भरपूर.

आणि तुझे काका म्हणतात ना की 'पायलट जमलं नाही म्हणून ऑब्झर्व्हर', त्यांना हे दाखव. ऑगस्ट २०२२ मधे पोरबंदरच्या आयएनएएस ३१४ च्या डॉर्नियरने उत्तर अरबी समुद्रावर जी टेहळणी केली तिच्यात पाचही जणी महिला ऑफिसर होत्या. दोघी पायलट, दोघी टॅक्टिकल आणि सेन्सरवर, आणि या सगळ्यांच्या वर मिशन कमांडर. विमान हवेत ठेवणं हे एक काम आणि ते विमान तिथे का गेलंय ते पार पाडणं हे दुसरं. रडारवरचा ठिपका मच्छीमार ट्रॉलर आहे की दुसरं काही, जवळ जायचं की लांबून बघायचं, कंट्रोलला काय कळवायचं, हे मागे बसलेली माणसं ठरवतात. मी यावर तासभर बोलू शकते पण राहू दे.

आता मूळ मुद्दा. तुझा निकाल.

माझ्या शेवटच्या सेमिस्टरला एका प्रॅक्टिकलचे टर्मवर्कचे मार्क विद्यापीठात चढले नव्हते म्हणून निकाल राखीव. कॉलेज म्हणायचं आम्ही पाठवलेत, विद्यापीठाचा परीक्षा विभाग म्हणायचा आलेलेच नाहीत. पाठवल्याच्या पत्राची कॉपी मागितली तर कॉलेजचे क्लार्क म्हणाले ते गोपनीय असतं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर आधी लंच टाइम, मग साहेब मीटिंगला, मग हा फॉर्म जुना आहे नवीन आणा, मग चलन त्या दुसऱ्या बँकेत भरा, आणि चलन भरून परत येईपर्यंत खिडकी बंद. मी त्यांना जॉइनिंगची तारीख दाखवली, नेव्हीचं पत्र दाखवलं, त्यांनी ते उलटंसुद्धा करून बघितलं नाही. शेवटी लखोटा सापडला तो त्याच इमारतीत, शेजारच्या सेक्शनच्या रॅकवर, लाखेचं सील तसंच, कुणी फोडलाच नव्हता. तोवर माझा कोर्स केरळात एळीमलाला, नेव्हीच्या अकॅडमीत, रिपोर्ट होऊन गेला होता.

ज्यांना वाटतं 'पुढच्या बॅचला जाशील, त्यात काय' त्यांना यातलं काही माहीत नाही. शॉर्ट सर्व्हिसची मेरिट लिस्ट त्या कोर्सपुरतीच असते. कोर्स गेला की लिस्ट गेली, परत फॉर्म, परत एसएसबी, अगदी पहिल्या दिवसाच्या स्क्रीनिंगपासून. मी ते सगळं परत केलं आणि परत निघाले, पण ज्या मुलींबरोबर आधी मेडिकल दिलं होतं त्या माझ्या कायमच्या सीनियर झाल्या. विमानाचंही तसंच. ज्या कोर्सबरोबर विंग्ज, म्हणजे ट्रेनिंग पुरं झाल्याचा बिल्ला, मिळतात त्या वेळी कुठल्या स्क्वॉड्रनला माणसं हवीत त्यावर बरंच अवलंबून असतं, आधीच्या कोर्सच्या जागा वेगळ्या होत्या, माझ्या वेगळ्या. एका न फोडलेल्या पाकिटाने माझं पुढचं सगळं वेळापत्रक बदललं आणि त्याबद्दल त्या ऑफिसातलं कुणी 'चुकलं' एवढंही म्हणालं नाही. आजही राग येतो, लिहिताना हात जड होतोय.

म्हणून सांगते, तोंडी काहीही करू नकोस. प्रिन्सिपलच्या नावाने अर्ज, परीक्षा नियंत्रकांच्या नावाने वेगळा अर्ज, दोन्हीला जॉइनिंग लेटरची झेरॉक्स, आणि तुझ्याकडच्या कॉपीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का. शिक्का देत नसतील तर हुज्जत घालू नकोस, तिथूनच पोस्टात जा आणि रजिस्टर्ड पाठव, पावती जप. कॉलेजने मार्क पाठवले असतील तर त्यांच्याकडे जावक नंबर असतोच, कॉपी नका देऊ म्हणावं, फक्त जावक नंबर आणि तारीख सांगा. तो नंबर घेऊन विद्यापीठाच्या आवक-जावक टेबलला जा, खिडकीवर नको. त्यांच्या रजिस्टरला नोंद सापडली की पाकीट कुठल्या सेक्शनला गेलं ते कळतं. मला हे एका शिपाईकाकांनी सांगितलं, आणि तेही उशिरा. मार्कशीटला वेळ लागणार असेल तर लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं 'उत्तीर्ण' असल्याचं पत्र मागून घे आणि नेव्हीला ईमेल करून विचार की तात्पुरतं चालेल का. चालेलच असं मी म्हणत नाही, पण विचारलेलं लेखी असू दे. सीजीपीएचं टक्क्यात रूपांतर करायचा फॉर्म्युला पण त्याच लेटरहेडवर घे. आणि नाव तपास, आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, कधी आईचंही. दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच सगळीकडे आहे ना ते आत्ताच बघून घे.

बाकी किरकोळ. एळीमलाला पोहणं चुकत नाही, तुझ्या नाशिकला तरणतलाव आहेत, आजपासून जा, नंतर विमान पाण्यात पडलं तर सुटायचं म्हणून जे पाण्यात उलटणाऱ्या डब्यातून बाहेर पडायचं ट्रेनिंग असतं तेव्हा पाण्याची सवय हाच आधार. कोचीला ऑब्झर्व्हर स्कूलमधे सुरुवातीला नेव्हिगेशन खूप असतं आणि ते डोक्यातल्या डोक्यात, बोलता बोलता करावं लागतं. सहा मिनिटांत अंतर म्हणजे वेगाचा दहावा भाग, १८० नॉट (तासाला १८० समुद्री मैल) असेल तर १८ समुद्री मैल. साठ मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे साधारण एक मैल बाजूला. ही दोन गणितं रिक्षात, बसमधे, भाजी चिरताना करत राहा, कारण विमान वळतंय, कानात रेडिओ बोलतोय, गुडघ्यावरच्या पॅडवर पेन्सिल घसरतेय आणि इन्स्ट्रक्टर विचारतोय 'पुढचं हेडिंग (दिशा) काय, किती वाजता पोचणार', तेव्हा कागदावर मांडायला वेळ नसतो. उलटी सगळ्यांनाच होते, स्क्रीनकडे बघत बसल्यावर जास्तच. रिकाम्या पोटी अजिबात जाऊ नकोस, थोडे पोहे किंवा एखादी पोळी खाऊन जा, तेलकट नको, आणि ओकारीची पिशवी आपल्या खिशात ठेव.

आज कुठला वार आहे बघ, चालू दिवस असेल तर दोन्ही अर्ज आजच दे. जावक नंबर मिळाला की इथेच लिही, मला टॅग कर, पुढचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगते.