शोअर पॉवर (मुक्कामाच्या जागी खांबावरून मिळणारी बाहेरची वीज) जोडल्यावर मोटरहोममधला इन्व्हर्टर बंद करायचा का? चुकून दोन्ही चालू राहिले तर काय होईल?

आधी इन्व्हर्टरच्या मागे वाकून बघा. बॅटरीच्या दोन जाड तारा सोडून त्याला 'एसी इनपुट'चं, म्हणजे बाहेरची 230 व्होल्टची वीज आत घेणारं, टर्मिनल आहे का? तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यावर ठरतं.

टर्मिनल असेल आणि बाहेरची वीज तिथूनच आत येत असेल, तर बहुधा तो इन्व्हर्टर-चार्जर आहे आणि तुम्हाला फारसं काही करायचं नाही. आत ट्रान्सफर स्विच असतो. बाहेरची वीज आली की तो आधी इन्व्हर्टर तोडतो, मग लाइन जोडतो आणि चार्जिंग सुरू करतो. घरच्या इन्व्हर्टरसारखंच. फक्त एक लक्षात ठेवा: बाहेरची वीज मध्येच गेली, तर तो गुपचूप बॅटरीवर जातो. गाडी सोडून दिवसभर बाहेर जाणार असाल तर स्विच 'चार्जर ओन्ली'वर ठेवा.

टर्मिनल नसेल, म्हणजे इन्व्हर्टर वेगळा आणि चार्जर वेगळा, तर काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. इन्व्हर्टरचा एसी आणि बाहेरचा एसी एकाच वायरवर कधीही भेटता कामा नयेत. दोघांच्या लहरी जुळत नाहीत, आणि भेटले की बहुतेक वेळा इन्व्हर्टर त्याच क्षणी जळतो. 'आठवणीने बंद करीन' यावर विसंबू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मध्ये 'ऑफ' असलेला चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

माझी फजिती मात्र वेगळीच झाली. पहिल्या वर्षी मी शोअरची केबल सरळ इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसली. गाडीतली सगळी सॉकेट चालू झाली म्हणून खूश! पण त्याच लाइनवर बॅटरी चार्जरही होता. बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून चार्जर, चार्जरमधून परत बॅटरी. गळक्या पोहऱ्याने विहिरीचं पाणी काढून त्याच विहिरीत ओतायचं, तसलं काम. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन गेली. भरीला थ्री-वे फ्रिज (गॅस, बॅटरी किंवा एसी वीज, तिन्हींवर चालणारा) 'एसी'वर होता, आणि त्याचं हीटर शंभर वॅटच्या वर खातं. पहाटे लो-व्होल्टेजचा अलार्म वाजला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा इन्व्हर्टरवर असताना चार्जरचा एमसीबी खाली आणि तसला फ्रिज गॅसवर.

इन्व्हर्टर काही न चालवताही बॅटरी पितो, हेही नवीन लोकांना माहीत नसतं. मोठा 12 व्होल्टचा इन्व्हर्टर रिकामा असतानाही एक-दोन अँपिअर सहज घेतो. दीड अँपिअर धरला तरी 24 तासांत 36 अँपिअर-अवर, म्हणजे 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणून काम झालं की बंद. 1500 वॅटची किटली बॅटरीतून 125 अँपिअरच्या वर ओढते. पाच-सात मिनिटं चालेल, पण तारा जाड हव्यात आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा. त्याच बॅटरीवर एअर कंडिशनर चालवायचं स्वप्न सोडा.

बाहेरची वीज मिळाली म्हणजे हवी तेवढी मिळाली असंही नाही. खांबावर 6 अँपिअरचाच ब्रेकर असेल तर 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट. 70 अँपिअरचा चार्जर रिकामी बॅटरी भरताना त्यातले हजार-अकराशे एकटाच खातो. वर किटली लावलीत की ब्रेकर पडलाच. इन्व्हर्टर-चार्जरमध्ये 'इनपुट करंट लिमिट'ची सेटिंग असते, ती प्रत्येक मुक्कामी खांबाप्रमाणे बदला. लाइन भरली की तो चार्जिंग आपोआप कमी करतो. वेगळा चार्जर असेल तर किटलीपुरता हाताने बंद करा.

जोडताना खांबावरचा ब्रेकर बंद, आधी गाडीकडचं टोक, मग खांबाकडचं, शेवटी ब्रेकर चालू. काढताना उलट. केबल रीळवर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. भार जास्त असेल तर वेटोळ्यातली केबल इतकी तापते की इन्सुलेशन वितळतं.

एक काम मात्र स्वतः करू नका: न्यूट्रल-अर्थची जोडणी. इन्व्हर्टरवर असताना ती गाडीत असावी लागते, नाहीतर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) गळती ओळखत नाही. बाहेरच्या विजेवर तीच जोडणी गाडीत नसावी लागते. इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी रिले असतो. वेगळ्या इन्व्हर्टरला तो आहे की नाही, हे गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या, आणि चेंजओव्हर स्विचही त्याच्याकडूनच बसवा.