आजोबांचे ओमेगा : डायल रंगवावी का?

प्रश्न : माझे आजोबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. १९६४ च्या सुमारास त्यांनी एडनच्या बंदरात घेतलेले ओमेगा सीमास्टर घड्याळ आता माझ्याकडे आले आहे. डायल पिवळसर झाली असून कडेला ठिपके आले आहेत. डायल रंगवून आणि केसला (घड्याळाच्या बाहेरील धातूच्या कवचाला) पॉलिश मारून घड्याळ नव्यासारखे करून देतो, असे एक कारागीर म्हणतात. तसे करावे का? आणि ते अस्सल आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : डायल रंगवून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या घड्याळाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा डायलचा असतो, आणि साठ वर्षांत पिवळी पडलेली, परंतु कारखान्यातून निघाल्यानंतर कोणाचाही ब्रश न लागलेली डायल जाणत्या संग्राहकाला रंगवलेल्या चकचकीत डायलपेक्षा अधिक मोलाची वाटते. मूळ रंग आणि त्यावरील छपाई एकदा खरवडून काढली की ती परत आणता येत नाही. अशी रंगवलेली जुनी घड्याळे आपल्याकडून इतक्या मोठ्या संख्येने विकली गेली आहेत की परदेशांतील संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ याच नावाने ओळखतात आणि ती टाळतात.

अस्सलपणाची तपासणी मशीनपासून सुरू करावी. मागचे झाकण विश्वासू घड्याळजींकडून आपल्यासमोर उघडून घ्यावे. त्या काळातील ओमेगाच्या मशीनला तांबूस मुलामा असतो आणि त्यावर कंपनीचे नाव, कॅलिबरचा (मशीनच्या प्रकाराचा) क्रमांक व अनुक्रमांक कोरलेला असतो. १९६२ ते १९६४ या वर्षांतील अनुक्रमांक साधारणपणे एक कोटी नव्वद लाख ते दोन कोटी दहा लाख यांच्या आसपास येतात. घड्याळ दुकानात वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेले असू शकते, हे लक्षात घेऊन आजोबांच्या खरेदीच्या सालाशी तो ताडून पाहावा. झाकणाच्या आतल्या बाजूस केसचा क्रमांक असतो. तो १६५ ने सुरू होत असल्यास घड्याळ ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे) व बिनतारखेचे, आणि १६६ ने सुरू होत असल्यास ऑटोमॅटिक व तारखेचे असावयास हवे. १६६ चे झाकण आणि तारखेची खिडकी नसलेली डायल अशी जोडी दिसली, तर दोन घड्याळांचे भाग एकत्र आले आहेत असे समजावे. काच आणि चावी झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदललेल्या असल्या तरी मन खट्टू करून घेऊ नये.

डायल यापूर्वीच कोणी रंगवली आहे का, हे भिंगाखाली कळते. मूळ छपाईतील अक्षरे बारीक, रेखीव आणि कडांना स्वच्छ असतात; नंतर रंगवलेली अक्षरे जाड व फुगीर दिसतात, मिनिटांच्या रेषा धातूच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि सहाच्या खालचे ‘स्विस मेड’ गायब असते किंवा वाकडे बसलेले असते. पॉलिशबाबतही माझे मत तेच आहे. पट्टा जिथे अडकतो त्या चार टोकांच्या धारदार कडा पॉलिशने गोलावतात, आणि झिजलेला धातू भरून येत नाही. ओरखडे राहू द्यावेत.

मशीनची साफसफाई आणि तेलपाणी मात्र अवश्य करून घ्यावे, कारण सुकलेल्या तेलावर चालणाऱ्या मशीनचे भाग झिजतात. घड्याळ देताना ‘डायलला हात लावू नये, पॉलिश करू नये, बदललेले भाग परत द्यावेत’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : १९७० च्या सुमाराचे एक रोलेक्स विकत मिळत आहे. डायलवर ‘टी स्विस टी’ असे छापलेले आहे, आणि अंधारात काटे छान चमकतात. घ्यावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती चमकच मला खटकते. त्या छपाईतील ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या लेपातील किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचे प्रमाण सुमारे १२.३ वर्षांत निम्मे होते, म्हणजे पन्नास वर्षांनंतर ते जवळजवळ विझलेले असावयास हवे. काटे आजही चमकत असतील तर ते बदललेले आहेत किंवा त्यांवर नवा लेप दिलेला आहे. त्याहून जुन्या, रेडियम लावलेल्या डायलची गोष्ट वेगळी आहे : तिची चमक मावळलेली असली तरी किरणोत्सर्ग कायम असतो, म्हणून तो लेप कधीही खरवडू नये आणि ते घड्याळ घरी उघडू नये. पैसे देण्यापूर्वी पट्टा काढून पाहावा; बाराच्या बाजूला मॉडेल क्रमांक आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक केसवर कोरलेला असतो. पॉलिशने तो पुसट झाला असल्यास किंवा विक्रेता पट्टा काढू देत नसल्यास व्यवहार सोडून द्यावा.

प्रश्न : आमचे घर समुद्रालगत आहे. पावसाळ्यात जुनी घड्याळे कशी जपावीत?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : खारी, दमट हवा हा आपल्या किनाऱ्यावरील घड्याळांचा खरा शत्रू आहे. चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवावेत, कारण त्यांना बुरशी लवकर धरते. घड्याळे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि ओलावा शोषलेल्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी आतील जुने रबर कडक झालेले असते, त्यामुळे असे घड्याळ पावसात किंवा समुद्रात नेऊ नये. काचेच्या आतून वाफ दिसल्यास एक दिवसही न थांबता ते घड्याळजींकडे न्यावे, कारण पोलादी भागांवर गंज चढण्यास फार वेळ लागत नाही.