भट्टी घेण्याआधी एक वर्ष

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. रसायनशास्त्रात बरी आहे, पण इंजिनिअरिंग नको म्हणते. उन्हाळ्यात मातीकामाचं शिबिर केलं, तेव्हापासून सिरॅमिक आणि काच फुंकणं हेच तिच्या डोक्यात आहे. तिचे बाबा म्हणतात, घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेऊन देऊ, काचकामाचं सामानही मागवू. सुरुवात कशी करावी? पुढे यात काही आहे का? – एक आई, कऱ्हाड

उत्तर : नमस्कार ताई. मुलीच्या आवडीसाठी खर्च करायला बाबा तयार आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. तरीही भट्टी आत्ता घेऊ नका. तिला आधी ग्लेझ कळू दे. त्यासाठी लागतं ते थोडं सामान, एक वजनकाटा आणि एक वही.

ग्लेझ ही भांड्याच्या अंगावर वितळवलेली काचच असते. तिच्यात तीन कामं करणारे पदार्थ लागतात. सिलिका काच बनवते. फेल्डस्पार हे खनिज, खडू (कॅल्शियम कार्बोनेट) यांसारखे पदार्थ ती लवकर वितळवतात. चिनी मातीतल्या अॅल्युमिनामुळे वितळलेला थर भांड्यावर टिकतो, खाली ओघळत नाही. नवशिक्यांना पिढ्यानपिढ्या दिलं जाणारं एक प्रमाण सांगते : फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ पावडर (म्हणजे सिलिका) 30, कॅल्शियम कार्बोनेट 20, चिनी माती 10. हे साधारण 1280 अंश सेल्सिअसला पिकतं. बऱ्याच स्टुडिओंच्या भट्ट्या 1220 च्या आसपासच थांबतात, तिथे हे नीट वितळणार नाही. म्हणून आधी भट्टीचं तापमान विचारायचं, मग कृती निवडायची.

आता खरा अभ्यास. मातीच्या बोटभर पट्ट्या करून त्या 950 ते 1000 अंशांना भाजून घ्यायच्या, म्हणजे बिस्क. वरचं मिश्रण पाण्यात कालवून 80 नंबरच्या चाळणीतून गाळायचं आणि त्याचे चार भाग करायचे. एक तसाच ठेवायचा. दुसऱ्यात 1 टक्का आयर्न ऑक्साइड, तिसऱ्यात 8 टक्के, चौथ्यात अर्धा टक्का कोबाल्ट ऑक्साइड. पट्टी ओल्या स्पंजने पुसून दोन-तीन सेकंद बुडवायची. बिस्क पाणी शोषून घेतो, त्यामुळे बाहेर काढता काढता थर कोरडा पडायला लागतो. नख लावून त्याची जाडी बघायची. पट्टीचं बूड पुसून कोरं ठेवायचं, नाहीतर ती भट्टीच्या फळीला चिकटते. प्रत्येक पट्टीमागे ऑक्साइडनेच नंबर घालायचा आणि तो वहीत लिहायचा. पुण्या-मुंबईतले काही स्टुडिओ पैसे घेऊन बाहेरच्यांचं काम भाजून देतात. अशा साठ-सत्तर पट्ट्या झाल्या की तिची नजर तयार होईल.

काही पट्ट्या बिघडतील, त्या टाकू देऊ नका. थरावर बारीक चिरांचं जाळं उमटलं, तर थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. ग्लेझ गोळा होऊन मधेच माती उघडी पडली, तर बहुतेक वेळा बिस्कवर धूळ किंवा हाताचं तेल होतं. ही कारणं शोधणं म्हणजे रसायन आणि भौतिकशास्त्रच. इंजिनिअरिंग नको म्हणणाऱ्या मुलीला हे विषय इथे मनापासून आवडू शकतात.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. कोरडी सिलिका आणि चिनी माती उडते, आणि वर्षानुवर्षं ती धूळ श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्यामुळे एन-95 मास्क हवाच. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. स्वयंपाकघरातली भांडी, चमचे, मिक्सर यासाठी वापरायचे नाहीत. शिसं किंवा बेरियम असलेलं काहीही घरात आणू नका. तांब्याचं ग्लेझ कपाच्या आत लावायचं नाही. शंका आली तर त्यावर रात्रभर लिंबाची फोड ठेवावी. सकाळी रंग फिकटला असेल, तर ते भांडं खाण्यापिण्यासाठी बाद.

काच फुंकणं घरी शिकता येत नाही, हे बाबांना स्पष्ट सांगा. वितळलेल्या काचेची भट्टी साधारण 1100 अंशांवर दिवसरात्र पेटती ठेवावी लागते. फुंकणीच्या टोकावर घेतलेला गोळा सतत फिरवायचा असतो. हात थांबला की तो मधासारखा खाली लोंबतो. तयार वस्तू पाचशे अंशांच्या आसपास ठेवून सावकाश निववावी लागते, नाहीतर ती दुसऱ्या दिवशीही तडकू शकते. वेगवेगळ्या जातीच्या काचा एकत्र केल्या, तरी प्रसरणातल्या फरकामुळे तडा जातो. हे शिकायचं ते जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच. एखादी कार्यशाळा मिळाली तर जरूर पाठवा.

ज्योतीवरचं काचकाम मात्र करिअर म्हणून लक्षात ठेवा. बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या नळ्या तापवून प्रयोगशाळेची उपकरणं बनवणारे कारागीर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांना लागतात. जागा थोड्या असतात, पण हे हात तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून त्यांना मान आहे. आपल्याकडे हा वारसाही आहे. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि तुमच्या शेजारच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. मुलीला हे जरूर सांगा.

पुढच्या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. डिझाइनकडे ओढा असेल, तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच असा विषय आहे. तिथे प्राथमिक आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत परीक्षा होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही सिरॅमिक शिकवतात. पट्ट्यांमागची कारणं शोधण्यातच ती जास्त रमली, तर सिरॅमिक इंजिनिअरिंग आहे. ते बनारसच्या आयआयटीत आणि राउरकेलाच्या एनआयटीत शिकवतात, प्रवेश जेईईतून. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सपासून भट्टीच्या विटांपर्यंत या माणसांना काम आहे. स्वतःचा स्टुडिओ काढून पहिल्या दोन-तीन वर्षांत घर चालेल, असं मात्र मी सांगणार नाही. बहुतेक जण सोबत वर्ग घेतात.

वर्षभराने ती वही बघा. नोंदी नियमित असतील आणि फसलेल्या पट्ट्यांपुढे कारणंही लिहिलेली असतील, तर भट्टीचा विचार खुशाल करा. तेव्हा ती कोणती घ्यायची, हे तिलाच जास्त कळत असेल. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत मात्र हे सगळं रविवारपुरतं ठेवा.