ईस्टर रविवारी, मग कॅथलिक लोक शनिवारी रात्रीच चर्चमध्ये का?

कारण चर्चच्या हिशेबात शनिवारचा सूर्य मावळला की रविवार लागला. शुभवर्तमानात स्त्रिया पहाटे येशूच्या कबरीपाशी पोचतात तेव्हा ती रिकामी असते. म्हणजे प्रभू रात्रीच मेलेल्यांतून उठला. म्हणून ती रात्र जागायची, हाच ईस्टरचा जागरण विधी.

पण रात्र म्हणजे रात्रच! 'मुलं पेंगतात, म्हाताऱ्यांना उशीर होतो' म्हणत संध्याकाळी सहालाच उरकणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. नियम आहे: अंधार पडल्याशिवाय सुरुवात नाही, उजाडायच्या आत शेवट. शतकानुशतकं हा विधी शनिवारी सकाळी व्हायचा आणि लख्ख उन्हात 'हीच ती रात्र' असं गायलं जायचं. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो रात्री परत आणला. तो आपण पुन्हा उजेडात ओढायचा?

उजेडात पहिला घात होतो तो पास्खा मेणबत्तीचा, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीचा. ती दरवर्षी नवी, मेणाचीच आणि एकच. तिच्यावर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोनांत सालाचे चार आकडे. मग ख्रिस्ताच्या पाच जखमांचे धुपाचे पाच खडे: वर, मध्ये, खाली, डावीकडे, उजवीकडे. खड्यांची भोकं आधीच पाडून ठेवा, ऐनवेळी कडक मेणात खडा शिरत नाही. बाहेरच्या नव्या अग्नीवर ती पेटते, आत मिट्ट काळोख. दाराशी, मध्यावर आणि वेदीसमोर असं तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' गातात. दुसऱ्या वेळी लोकांच्या मेणबत्त्या पेटतात, दिवे तिसऱ्यानंतरच. कुणीतरी घाईने बटण दाबतं आणि सगळं वाया जातं. बटणापाशी जाणता माणूस उभा करा. ज्योत घेताना न पेटलेली मेणबत्ती तिरकी करा, पेटलेली सरळच धरा, नाहीतर गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर.

बायबलमधली वाचनं नऊ, त्यांतली सात जुन्या करारातली. फार अडचण असेल तर सातांची तीन करता येतात, पण 'निर्गम' या पुस्तकातलं, इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून सुटतात ते वाचन गाळता येत नाही. तेही गाळलेलं पाहिलंय मी. बाप्तिस्म्याचं पाणी त्याच रात्री आशीर्वादित होतं. समुद्राची गोष्ट ऐकलीच नाही तर त्या पाण्याचा अर्थ लागणार कसा?

हे सगळं रोमन विधीचं, म्हणजे आपल्या कॅथलिक पद्धतीचं. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या रविवारी सूर्योदयाला उपासना करतात. ऑर्थोडॉक्स चर्चही रात्रच जागतं, पण त्यांची तारीख बहुतेकदा निराळी: २०२४ मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला होता, त्यांचा ५ मे रोजी.